लाइन तुटली, पण पैसे गेले का?



मागच्या बैठकीत आमच्या एका गटाच्या सचिव ताई फोनवरून कर्जाचा हप्ता भरत होत्या. हप्ता 1,850 रुपयांचा. गोल चक्र फिरत राहिले आणि अक्षरे आली, 'सुरक्षित जोडणी बंद झाली'. "पैसा गयात का नई व माय?" असे ताईंनी विचारले. आम्ही, शिकलेल्या म्हणवणाऱ्यांनी, लगेच सांगून टाकले, "लाइनच तुटली, जातील कसे? पुन्हा करा." दुसऱ्यांदा हिरवी खूण आली. सगळ्यांनी हुश्श केले. दुसऱ्या दिवशी पासबुक छापून आणले तर हप्ता दोनदा कापलेला.

चूक आमची होती. लाइन तुटली म्हणजे काम झाले नाही, असे आम्ही धरून चाललो. ते तसे नसते. का नसते, ते आज बघू.

बँकेचे किंवा सरकारी कामाचे पान उघडताना पत्त्याच्या सुरुवातीला 'एचटीटीपीएस' असते. पूर्वी शेजारी कुलूप दिसायचे, हल्ली काही फोनांत दुसरेच चिन्ह दिसते. तिथे आपला फोन आणि बँकेचा संगणक आधी ओळख पटवून घेतात. बँकेचा संगणक आपले ओळखपत्र दाखवतो. फोन त्यावरचे नाव बघतो, मुदत बघतो, आणि सही कोणाची आहे ते बघतो. सही ओळखीची असेल तर दोघे मिळून त्या एका बोलण्यापुरती गुप्त किल्ली ठरवतात. मग मधल्या कोणी कान लावला तरी त्याला काही कळत नाही. एवढे मात्र लक्षात ठेवा, की असे ओळखपत्र चोरालाही स्वतःच्या पानासाठी मिळते. कुलूप दिसले म्हणजे पलीकडचा माणूस प्रामाणिक आहे असे नाही, म्हणून पत्त्यातले नाव वाचायचेच.

आता हे बोलणे संपते कसे? माहेरी फोन केला की आपण "बरं, ठेवते मी" म्हणतो ना, तसेच. निघणाऱ्याने 'माझे बोलणे संपले' अशी शेवटची खूण पाठवायची, असा या सुरक्षित बोलण्याचा नियम आहे. खूण न येता आवाज बंद झाला, तर मध्येच कोणी तोडले की काय, अशी शंका फोन घेतो आणि 'जोडणी बंद झाली' म्हणतो. ती शंका आपल्याच भल्याची असते.

पण आपले "हप्ता भरा" हे शब्द लाइन तुटण्याआधी पोचले होते का? हे त्या वाक्यातून कळत नाही. ताईंचे शब्द पोचले होते. बँकेने हप्ता घेतला, "मिळाला" म्हणून उत्तरही धाडले. ते उत्तर वाटेत हरवले.

लाइन तोडली कोणी? जागा तीन: आपला फोन, वाट, किंवा पलीकडचा संगणक.

फोनमध्ये बहुतेक वेळा दोष तारखेचा असतो. बॅटरी पार उतरली, मुलांनी सेटिंगमध्ये खेळ केला, आणि तारीख दोन-चार वर्षे मागे गेली, की चांगले ओळखपत्रही फोनला चुकीचे वाटते. 2020 च्या सप्टेंबरपासून नव्या ओळखपत्राची मुदत जास्तीत जास्त 398 दिवस झाली, आणि 2029 पर्यंत ती 47 दिवसांवर आणायचे ठरले आहे. म्हणून 'तारीख आपोआप' हे बटण चालू ठेवा. फोन फार जुना असेल तर सही करणारेच त्याच्या ओळखीचे नसतात. 30 सप्टेंबर 2021 ला एका मोठ्या सही करणाऱ्याच्या जुन्या मूळ दाखल्याची मुदत संपली, तेव्हा जगभर कितीतरी जुन्या यंत्रांवर चांगली पानेही उघडेनाशी झाली होती.

वाटेचे आपल्याला सांगायला नको. पिंपळनेरकडच्या डोंगरपट्ट्यात दोन काड्या दिसतात, वळण घेतले की एकही नाही. गावातल्या वायफायवरून मोबाइलच्या नेटवर गेलो तरी फोनचा पत्ता बदलतो आणि चालू बोलणे तुटू शकते. चालत्या एसटीत हप्ता भरू नका, ते यासाठीच.

पलीकडे गर्दी झाली तरी लाइन जाते. 16 जुलै 2021 आठवा. करोनामुळे परीक्षा न होता दहावीचा निकाल लागला, दुपारी एक वाजता सगळे एकदम तुटून पडले, आणि मंडळाची संकेतस्थळे कित्येक तास उघडेनात. त्यात कोणाच्याही फोनचा दोष नव्हता. शिवाय आपण पाच-दहा मिनिटे काही दाबले नाही, ओटीपी शोधत बसलो, तर बँक स्वतःहून बोलणे संपवते. तिथे ती बरोबरच असते.

ओळखायचे कसे? त्याच जागी, पण दुसऱ्या कंपनीचे कार्ड असलेल्या मैत्रिणीच्या फोनवर तेच पान उघडा. तिचे उघडले तर दोष आपल्या फोनचा किंवा आपल्या नेटचा. मग तिच्या फोनचे नेट आपल्या फोनला जोडून बघा. आता उघडले तर नेट वाईट, तरीही नाही तर फोन. दोघींचे उघडत नाही, पण इतर पाने नीट उघडतात, तर बहुधा पलीकडे गर्दी, संध्याकाळी बघा. आणि ओळखपत्राबद्दल लाल इशारा आला, तारीखही बरोबर आहे, तर बँकेच्या पानावर 'तरीही पुढे जा' कधीच दाबू नका.

पैशाचे काम असेल तर पुन्हा दाबण्याआधी खात्याची नोंद बघायची. मिनी स्टेटमेंट, नाहीतर ॲपमधला व्यवहाराचा इतिहास. 'प्रलंबित' दिसले तर थांबायचे. रिझर्व्ह बँकेचा 2019 चा नियम आहे. यूपीआयने एखाद्याच्या खात्यावर पाठवलेले पैसे आपल्याकडून कापले गेले पण तिकडे जमा झाले नाहीत, तर ते दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत आले पाहिजेत. दुकानदाराला दिलेले असतील आणि त्याला पोचल्याची खबर मिळाली नसेल, तर पाच दिवसांत. पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई. मदतीचा नंबर इंटरनेटवर शोधू नका, तिथे ठगांचे नंबरही असतात. पासबुकावरचा किंवा ॲपमधला नंबर घ्या. कोणी 'स्क्रीन दाखवणारे ॲप टाका' म्हणाला तर फोन ठेवा. फसगत झालीच तर लगेच 1930 ला फोन करा.

ताईंच्या बाबतीत हा परतीचा नियम लागला नाही, कारण दोन्ही वेळा पैसे बरोबर जागी पोचले होते. अर्ज द्यावा लागला. जादा रक्कम पुढच्या हप्त्यात वळती झाली, पण साक्रीला दोन खेपा झाल्या, दोन दिवसांची मजुरी बुडाली. ती गटाने भरून दिली. अर्ज घेताना बँकेने पहिले विचारले, "मेसेज नेमका काय होता, आणि किती वाजता आला?" ते आमच्यातल्या एकीनेही टिपून ठेवले नव्हते.