माणसाच्या अंगावरच्या खुंट्या

एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या स्मरणचित्राच्या पेपरात ‘भाजीबाजार’ नाहीतर ‘बस थांबा’ असा विषय आला की काय होतं, ठाऊक आहे ना? झाडं, टोपल्या, छत्र्या झटपट होतात. माणसं मात्र राहतात ती राहतातच! मग शेवटच्या दहा मिनिटांत ती पाठमोरी उभी केली जातात. अंगात सदरा कसला, पत्राच!

दोस्तांनो, गडबड चेहऱ्यात नसते, कपड्यात असते. खुंटीवर टांगलेला शर्ट पाहा. साऱ्या चुण्या खुंटीपासून निघतात आणि खाली येता येता विरून जातात. माणसाच्या अंगावरही अशा खुंट्या असतात: खांदा, कोपर, कंबर, गुडघा. बाबांनी माळ्यावरचा डबा काढायला हात वर केला की शर्ट त्या बाजूने वर चढतो आणि काखेपासून कमरेपर्यंत ताण दिसतो. कोपर वाकवला की बाहेरून कापड ताणून गुळगुळीत होतं, आतल्या बाजूला त्याची गर्दी होते. चुण्या काढायच्या त्या तिथे. पुष्कळ जण अख्ख्या बाहीवर सारख्या रेघा ओढतात, अन् हाताची होते दुधी भोपळ्याची फोड!

साडी तर फारच गमतीची. पाचवारीच्या निऱ्या कमरेपाशी दाटीने खोचलेल्या, खाली पंख्यासारख्या उलगडलेल्या. आई चालू लागली की पुढच्या गुडघ्यावर साडी टेकते आणि तिथून एक लांब चुणी मागच्या टाचेकडे जाते. ही एक रेघ साधली, की चित्रातली बाई चालायला लागलीच म्हणून समजा. आजी नऊवारी नेसत असेल, तर तुमचं नशीब थोर. काष्ट्यामुळे दोन्ही पाय वेगळे कळतात.

महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७–१९४४) हे यातले मोठे उस्ताद. जन्म कोल्हापूरचा, शिकले मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आणि पुढे शिकवलंही तिथेच. १९२० साली निघालेल्या ‘विमेन ऑफ इंडिया’ या इंग्रजी पुस्तकात त्यांनी काढलेल्या ठिकठिकाणच्या स्त्रिया आहेत. त्यांचं एखादं चित्र मिळालं तर चेहरा बोटाने झाकून पाहा. कोणत्या पायावर भार आहे, ते नुसत्या साडीवरून ओळखता येतं का?

आता तुमची पाळी. जुन्या वहीचे कोरे कागद आणि बॉलपेन घ्या. पेन अशासाठी की खोडता येऊ नये. आई पोळ्या लाटतेय? आधी पाठीची, खांद्यांची, हातांची साधी काडी-काडी रेघ. मग त्यावर कपडा. ती हलली तर? शेजारी दुसरं चित्र सुरू करा. लाटताना तीच हालचाल पुन्हा पुन्हा येते; आली की पहिलं पुरं करा. एस. टी. स्टँडवर अनोळखी माणसाला मात्र आधी विचारायचं, ‘काका, तुमचं चित्र काढू का?’

आईबाबांना एकच विनंती. ‘हे माझं नाक आहे होय?’ म्हणून हसू नका. सातवी-आठवीत कितीतरी मुलं माणसं काढणंच सोडतात, ती अशा एखाद्या हसण्यापायी. पहिली पन्नास चित्रं बिननाकाचीच असू द्या की!

आणि हो, कडक इस्त्री करून कुणाला समोर बसवू नका. शाळेतून परतलेल्या धाकट्या भावाला पकडा. त्याच्या गणवेशाच्या कोपरात आणि गुडघ्यामागे दिवसभराच्या चुण्या तयारच असतात.