पहाटे चारच्या आधीचा दिवस

चोवीस तासांचा जमाखर्च : भाग 6

सरकारी हिशेबात दिवस पहाटे चारला उजाडतो. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाचा माणूस घरी येतो आणि काल पहाटे चारपासून आज पहाटे चारपर्यंत कोणी काय केलं, ते अर्ध्या-अर्ध्या तासाच्या अठ्ठेचाळीस रकान्यांत भरून घेतो. घरातल्या सहा वर्षांवरच्या प्रत्येकाला हाच प्रश्न. देशभर अशी पाहणी पहिल्यांदा झाली 2019 मध्ये, दुसऱ्यांदा 2024 मध्ये. त्याआधी 1998-99 मध्ये सहा राज्यांत एक चाचणी पाहणी झाली होती, पण त्या सहांत महाराष्ट्र नव्हता.

चारला बहुतेक घरं गाढ झोपेत असतात. दिवस तिथे कापला की कुणाचं काम मधोमध तुटत नाही, हे पटण्यासारखं आहे. वसईच्या पश्चिम पट्ट्यातल्या वटारला मात्र ही कात्री नेमकी कामावरच पडते.

वटार, नंदाखाल, निर्मळ, आगाशी हा सगळा वाडीचा मुलूख. बावखलाच्या पाण्यावर पोसलेली केळी, पानवेल, भाजीपाला आणि फुलं. सोनचाफा पूर्ण उमलायच्या आत खुडावा लागतो आणि दादरच्या फूलबाजारात तो उजाडण्याच्या सुमारास पोचला तरच त्याला भाव. त्यामुळे अंधारात बॅटरी लावून खुडणी चालते. विरारहून चर्चगेटकडची पहिली लोकल साडेतीनच्या सुमाराला सुटते. ती पकडायची तर घर त्याच्याही आधी सोडायला हवं. म्हणजे सरकारचा दिवस सुरू होतो तेव्हा वटारची बाई टोपली मालडब्यात टेकवून खाडीपूल ओलांडून गेलेली असते. तिच्या उठण्याचे, चुलीपाशी वावरण्याचे आणि स्टेशन गाठण्याचे तास आदल्या पानाच्या शेवटच्या रकान्यांत जातात. बेरीज चुकत नाही, कारण चोवीस तास सगळ्यांचे सारखेच. पण ते पान वाचणाऱ्याला तिचा दिवस शेपटीकडून वाचावा लागतो.

घड्याळाशी ही ओढाताण इथे नवी नाही. विरारहून मुंबईच्या बॅकबेकडे पहिली उपनगरी गाडी 12 एप्रिल 1867 रोजी सुटली. सकाळी एक जायची आणि संध्याकाळी एक यायची, एवढंच वेळापत्रक. पुढे रेल्वेने मद्रासची वेळ पत्करली. मुंबईची स्थानिक वेळ तिच्या अर्धा तास मागे, त्यामुळे शहराच्या घड्याळावर विसंबणाऱ्याची गाडी हमखास चुकायची. 1906 मध्ये भारतीय प्रमाणवेळ आली, तीही मुंबईने मनापासून स्वीकारली नाही. एकोणचाळीस मिनिटं मागे असलेला ‘बाँबे टाइम’ शहरात 1955 पर्यंत टिकून होता. वाडीत यातलं काही लागत नव्हतं. रहाटाची पाळी, चर्चची घंटा आणि कोंबड्याची बांग यांवर भागायचं. मिनिटांचा हिशेब पश्चिम पट्ट्याला शिकवला तो गाडीने, आणि 1936 मध्ये विजेची गाडी विरारपर्यंत आल्यावर तो अंगवळणीच पडला. आज नोकरदार माणूस ‘आठच्या गाडीने जातो’ असं सांगत नाही, तो ‘सात-बावन्न’ सांगतो. नालासोपाऱ्याची माणसं बसायला जागा मिळावी म्हणून आधी उलट विरारला जाऊन ‘रिटर्न’ येतात. वेळ देऊन जागा विकत घेण्याचा इतका उघड सौदा दुसरीकडे क्वचित दिसेल. 1992 मध्ये चर्चगेट-बोरिवली अशी सुरू झालेली महिला विशेष लोकल पुढच्या वर्षी विरारपर्यंत आली, तिच्यात भाजी निवडत घरी परतणाऱ्या बायकांचं कौतुक वर्तमानपत्रांनी भरपूर केलं. खरं तर ते कौतुकाचं प्रकरण नव्हतं. घरच्या कामाचा एक तास गाडीत उरकून घ्यावा लागत होता, एवढाच त्याचा अर्थ.

तो तास किती मोठा, हे 2019 च्या पाहणीने आकड्यांत मांडलं. देशात 81.2 टक्के स्त्रिया घरची विनामोबदला कामं करत होत्या आणि त्यांत रोज सरासरी 299 मिनिटं घालवत होत्या. अशी कामं करणारे पुरुष 26.1 टक्के, त्यांची सरासरी 97 मिनिटं. पाच वर्षांनी हे आकडे 289 आणि 88 झाले. बायकांची दहा मिनिटं वाचली म्हणून खूश व्हावं, तर पुरुषांनीही आपली नऊ मिनिटं सोडवून घेतली आहेत.

पण 289 मिनिटं मोजली कशी? संध्याकाळी वटारच्या ओटीवर पाहावं. टीव्हीवर मालिका लागलेली. समोर मेथीचा ढीग, आणि बाई केळीच्या सोपाच्या ओल्या बंदाने एकेक जुडी आवळून टोपलीत रचते आहे. नजर पडद्यावर असली तरी जुडीचं माप चुकत नाही. आत भात शिजतो आहे, कान कुकरच्या शिट्टीकडे. शेजारी नातू पाढे म्हणतो, चुकला की न बघताच ती दुरुस्त करते. पाहणीच्या एका रकान्यात जास्तीत जास्त तीन कामं लिहिता येतात, आणि तीही किमान दहा मिनिटं चाललेली. जुड्या रोजगारात, भात घरकामात, मालिका करमणुकीत. नातवाचे पाढे बसत नाहीत. कुकर बंद करायला उठणं तर दोन मिनिटांचंच.

तरी ही पाहणी उपयोगाची आहे, नाहीतर हातची ही जुडीसुद्धा कुठल्या कागदावर चढली नसती. बाजारात विकायचा माल घरी बसून बांधणं हे काम आहे, असं सांगायला बायका सहसा तयार नसतात. ‘घरीच असते’ म्हणतात. विचारणाऱ्याने तास-तास करून विचारलं की काम आपोआप बाहेर येतं.

रविवारची गंमत वेगळी. नंदाखालच्या पवित्र आत्मा चर्चमध्ये मिस्सा संपली की आवारात माणसं रेंगाळतात. कुणाच्या वाडीत मजूर मिळत नाही, कुणाचा बांध फुटला, कालचा चाफा दादरला काय भावाने गेला, याची चौकशी होते. संयुक्त राष्ट्रांच्या ज्या वर्गवारीवर आपली पाहणी बेतलेली आहे, तिच्यात धर्माचरण आणि गप्पागोष्टी एकाच गटात बसतात. त्यामुळे मिस्सा, ख्यालीखुशाली आणि भाजीचे भाव हे तिन्ही बहुधा त्याच गटात जमा होणार.

पुढच्या भागात : निवृत्त माणसाची दुपार.