टाळ हाती घेतलेला पाळक

नगर जिल्ह्यातल्या एखाद्या खेड्यातल्या चर्चमध्ये रात्रीचं कीर्तन लागलं की बाक भिंतीकडे सरकतात आणि सतरंज्या अंथरल्या जातात. पेटी, तबला, झांजा मांडून होतात. नमन होतं, पूर्वरंगात विषय मांडला जातो आणि मग आख्यान लागतं. पण ते हरिश्चंद्राचं नाही, उधळ्या पुत्राचं. बापाच्या जिवंतपणी वाटणी मागून घेणारा धाकटा, परमुलखात पैसा उडवून डुकरं राखायची पाळी आलेला धाकटा, आणि इकडे रोज वाटेकडे डोळे लावून बसलेला म्हातारा. पोरगा दुरून दिसतो आणि बाप धावत सुटतो. या जागी कीर्तनकारही दोन पावलं धावतो, झांजांची लय चढते, ध्रुपद सगळं चर्च उचलून धरतं. गोष्ट लूकच्या शुभवर्तमानातली. पण वाटणीवरून घरात कधी धुसफूस झालीच नाही, असा श्रोता त्या सतरंजीवर सापडणं कठीण.

ख्रिस्ती धर्मोपदेशाला हे रूप यावं, हा आग्रह ज्यांनी आयुष्यभर धरला त्यांत रेव्हरंड नारायण वामन टिळक पुढे होते. शाळेच्या पुस्तकांतून 'फुलामुलांचे कवी' म्हणून ते आपल्याला भेटतात. पाळक म्हणून त्यांची ओळख मात्र ख्रिस्ती मंडळीबाहेर फारशी नाही.

१८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यात, चित्पावन घरात त्यांचा जन्म झाला. संस्कृत पक्कं, कीर्तन-पुराणाची सवय लहानपणापासूनची, आणि खऱ्या धर्माचा शोध घेण्याची तळमळ अशी की एका जागी पाय ठरत नसे. १८९३ साली आगगाडीत एका अनोळखी गोऱ्या प्रवाशाशी गप्पा झाल्या आणि त्याने नवा करार हाती ठेवला. टिळक वाचत गेले आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी अडकले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. बायकोला, लक्ष्मीबाईंना, आधी कळवलं नव्हतं. त्यांच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात त्या दिवसांची जी होरपळ आहे ती वाचली, की टिळकांच्या धाडसाचं कौतुक करताना हात जरा आखडतो. पाच वर्षांनी, १९०० साली, लक्ष्मीबाईंनीही बाप्तिस्मा घेतला. तोही स्वतःच्या मनाची खात्री पटल्यावरच.

अमेरिकन मराठी मिशनच्या छत्राखाली टिळक नगर आणि राहुरीला राहिले, पुढे पाळक झाले. या मिशनचे पहिले लोक मुंबईत आले ते १८१३ साली. १८३१ पासून नगर हे त्यांचं मोठं ठाणं झालं. बायबल मराठीत आलं होतं, गायनंही मराठीत होती. तरी पुष्कळशा गायनांना चाल विलायती, अक्षरं मराठी, असा प्रकार चाले. मराठी शब्दाचा आघात एकीकडे आणि चालीचा ठोका दुसरीकडे. कृष्णराव सांगळ्यांनी आधीच देशी चालींवर पदं रचून वाट पाडली होती. टिळकांनी ती रुंद केली. अभंग, ओवी, आरती, पद, भूपाळी, सगळे साचे त्यांनी वापरले. आपण ख्रिस्तापाशी पोचलो ते तुकोबांच्या पुलावरून, असं ते मोकळेपणाने सांगत. 'उपासना संगीत' या गायनांच्या पुस्तकात आजही त्यांच्या नावाची पदं पानोपानी भेटतात.

यात नुसती चालीची हौस नव्हती. नगरकडच्या मंडळ्यांत बहुसंख्य लोक महार आणि मांग समाजांतून आलेले, पुष्कळांना अक्षरओळख नाही. तासाभराचं प्रवचन अशा श्रोत्याच्या डोक्यावरून जातं. चार वेळा स्वतः म्हटलेलं ध्रुपद मात्र दुसऱ्या दिवशी खुरप्याबरोबर शेतात जातं. ओवी-अभंग ही त्या लोकांच्याही कानातली मिळकत होती. अर्थात टिळकांची रचना सगळीच सोपी नाही. संस्कृत समास त्यांच्या लेखणीतून पुरते सुटले नाहीत. पंडिता रमाबाईंनी नेमकी उलटी वाट धरली. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबलचं भाषांतर केलं ते साध्या बायाबापड्यांना कळावं म्हणून, पंडिती शब्द बाजूला ठेवून. दोघेही ब्राह्मण घरातले, दोघांचा देव एक, आणि त्याच्याशी कोणत्या मराठीत बोलायचं यावर दोन टोकं.

पाळकाचं घर कसं असावं याबद्दलही टिळकांचे विचार गावाला चमत्कारिक वाटत. अनाथ मुलं घरी येत, आणि घरात पैसा म्हणून टिकत नसे. तो कोणाच्या तरी हातावर ठेवून टिळक मोकळे. १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात त्र्यंबक बापूजी ठोंबरे नावाचा पोरगा गाजला. तो पुढे टिळकांकडे नगरला राहिला. हेच आपले बालकवी. रेव्हरंडांच्या घरी घरच्यासारखा राहिला, पण ख्रिस्ती झाला नाही.

मिशनशी मात्र टिळकांचं पुरतं जुळलं नाही. १८४२ पासून चाललेल्या 'ज्ञानोदय' या मिशनच्या पत्राच्या मराठी विभागाचं संपादन ते १९१२ पासून करत होते. तरी मनातला सल असा, की पगार परदेशातून, कारभार परदेशी माणसांच्या हाती, मग लोकांनी ख्रिस्त आपला कसा मानावा? १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली, साताऱ्यात बिऱ्हाड केलं आणि 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाही त्यात जागा होती. अट एकच, ख्रिस्ताचं अनुयायित्व. बाप्तिस्मा हे मंडळीचं दार आहे. ते न ओलांडलेल्यांना पंगतीत बसवायचं म्हणजे पुष्कळ पाळकांना न पचणारी गोष्ट. पण दरबार रुजला की नाही, हे पाहायला दिवसच उरले नाहीत. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळक वारले.

मागे एक मोठं काम अर्धवट राहिलं: ख्रिस्ताचं चरित्र सांगणारं ओवीबद्ध 'ख्रिस्तायन'. मराठीत याला पूर्वज आहे; फादर थॉमस स्टीफन्सचं 'क्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात छापलं गेलं. टिळकांचे जेमतेम दहा-अकरा अध्याय झाले होते. शाळेचं तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी पुढचे चौसष्ट लिहिले. १९३६ साली त्याही गेल्या, तेव्हा शेवटचा अध्याय बाकी होता. तो मुलाने, देवदत्त टिळकांनी, लिहिला आणि १९३८ साली पुस्तक छापून बाहेर आलं.