समुद्रापासून दूरचे विश्वस्त

बंगळूर हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसलेले आहे आणि कोणत्याही किनाऱ्यापासून ते जवळजवळ तीनशे किलोमीटर दूर आहे. अशा ठिकाणी मासेमारीचे संशोधन करणारी संस्था असावी, हे ऐकून आपल्या कोकणातला एखादा तांडेल हसल्यावाचून राहणार नाही. परंतु संस्था नेहमी विषयाजवळच जन्मतात असे नाही; पुष्कळदा त्या अभ्यासकांजवळ जन्मतात. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत माधव गाडगीळ यांनी १९८३ साली परिस्थितिविज्ञानाचे केंद्र उभारले. गावकऱ्यांनी आपल्या परिसरातील जीवसृष्टीची नोंद आपणच ठेवावी, ही लोकनोंदवहीची कल्पना त्यांनी पुढे देशभर नेली. त्याच शहरात २००८ साली ‘दक्षिण फाउंडेशन’ ही सागरी व किनारी प्रश्नांचा अभ्यास करणारी संस्था निघाली. समुद्री कासवांचे अभ्यासक व वरील केंद्रातील प्राध्यापक कार्तिक शंकर आणि किनाऱ्यासंबंधीच्या कायद्यांचा अभ्यास केलेल्या आरती श्रीधर हे तिच्या संस्थापक-विश्वस्तांपैकी होत. अशा संस्थेचे विश्वस्त म्हणजे कोण आणि त्यांनी नेमके करावयाचे काय, एवढाच आजचा विषय आहे.

तो समजण्यासाठी क्षणभर लक्षद्वीपला गेले पाहिजे. ३६ बेटे, त्यांतली वस्तीची १०, आणि सगळी मिळून जमीन अवघी ३२ चौरस किलोमीटर. येथील मुख्य धंदा कुप्प्याच्या मासेमारीचा आहे, आणि तो मोठ्या जाळ्याने नव्हे तर काठी-गळाने चालतो. प्रवाळाच्या कड्याने वेढलेल्या उथळ पाण्यात आधी बारीक मासळी धरावयाची आणि होडीच्या पोटातील पाण्याच्या कप्प्यात ती जिवंत ठेवावयाची. मग खोल समुद्रात कुप्प्याचा थवा दिसला की ही मासळी त्याच्यापुढे फेकावयाची. पाण्याचे फवारे उडत असतात, थवा खवळून वर येतो, आणि होडीच्या मागच्या फळीवर उभे असलेले लोक काट्यावाचूनच्या गळांनी एकेक मासा झटक्यासरशी आत ओढतात. मूळची ही मिनिकॉयची विद्या. १९६० नंतरच्या काळात ती सरकारी प्रयत्नाने इतर बेटांवर पसरली. हिचे सारे मर्म त्या बारीक मासळीत आहे. चारा नसेल तर कुप्पा नाही. आणि तो चारा ज्या प्रवाळांच्या आश्रयाने राहतो, ते प्रवाळ १९९८, २०१० आणि २०१६ या वर्षी समुद्र तापल्याने पांढरे पडले.

किनाऱ्यावर उतरणाऱ्या मासळीचा अंदाज केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्था नमुनापद्धतीने करीत असते, आणि ते काम मोलाचे आहे. पण कोणत्या पाण्यात किती चारा धरला, तो कुठे संपला, त्यासाठी किती इंधन जळले, हे होडीवरच्या माणसाखेरीज कोण सांगणार? म्हणून ‘दक्षिण’ने लक्षद्वीपच्या मच्छीमारांनाच नोंदवह्या दिल्या. वही त्यांची, अक्षर त्यांचे, बेरीज-वजाबाकी अभ्यासकांची.

आता विश्वस्तांकडे वळू. विश्वस्त रोजचा कारभार पाहत नाहीत. त्यासाठी संचालक व नोकरवर्ग असतो. न्यासपत्रात लिहिलेल्या हेतूंपासून संस्था ढळत नाही ना हे पाहणे, संचालक नेमणे, हिशेब तपासून घेणे, देणगी स्वीकारावी की नाकारावी हे ठरवणे, ही त्यांची कामे. महाराष्ट्रात १९५० च्या कायद्याने त्यांच्यावर धर्मादाय आयुक्तांची नजर असते. कर्नाटकात सर्वसामान्य धर्मादाय न्यासांवर असा अधिकारी नाही. तेथे प्राप्तिकर खाते हिशेब मागते, आणि विश्वास मोडल्यास दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ९२ व्या कलमाखाली न्यायालयात जाता येते. बाकीचा भार विश्वस्तांच्या सदसद्विवेकावर. सरकारी नोकरीत आयुष्य घालवलेल्या माझ्यासारख्यास ही व्यवस्था जराशी धाडसाची वाटते, हे कबूल केले पाहिजे.

पण पैशाचा हिशेब हा त्यातला सोपा भाग. अवघड भाग वह्यांचा आहे. चारा कोठे मिळतो, हे मच्छीमाराचे गुपित असते. त्यावर त्याची चूल पेटते. ते ठिकाण नकाशावर छापले तर उद्या तेथे दहा होड्या येतील. उलट, चारा घटतो आहे असे आकडे सरकारकडे गेले, तर निर्बंध येईल तो प्रथम खरे लिहिणाऱ्यावरच. महाराष्ट्रात ५ फेब्रुवारी २०१६ च्या निर्णयाने पर्ससीन जाळ्यांवर निर्बंध आले, ते सोमवंशी समितीच्या अहवालाच्या आधारे. पारंपरिक मच्छीमारांना तो न्याय वाटला, पर्ससीनवाल्यांना अन्याय. दोघांचाही संसार आकड्यांवर ठरला, एवढे मात्र खरे.

तरुणपणी मी कोकणात एका बंदरावर मासळीचे तक्ते भरून घेण्यास गेलो होतो. एका वृद्ध मच्छीमाराने तक्ता उलटसुलट पाहिला आणि विचारले, “साहेब, खरां लिवूं, की तुमका होया ता लिवूं?” मी हसून वेळ मारून नेली. त्या तक्त्यांचे पुढे काय झाले, हे त्याला कोणी सांगितले नाही, मीही नाही. पुढच्या वर्षी त्याने आदल्या वर्षीचेच आकडे पुन्हा लिहून दिले, आणि ते तसेच वर गेले.

म्हणून अशा मंडळाने पहिली वही वाटण्यापूर्वीच ठरवून ठेवावयास हवे की, नोंद कोणाची, ती कोणास दाखवावयाची, आणि कोणाच्या संमतीने. त्यानंतर वेळेचा प्रश्न. देणगी साधारण दोन-तीन वर्षांची असते. चाऱ्याची मासळी वर्षावर्षाला कमीजास्त होते, आणि तीन वर्षांच्या नोंदीवरून तिचा कल ओळखणे कठीण. देणगी संपली म्हणून नोंद तुटली, तर मागची वर्षेही बरीचशी वाया जातात. त्यातच विदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० साली दुरुस्ती झाली. प्रशासकीय खर्चाची मर्यादा निम्म्यावरून वीस टक्क्यांवर आली, आणि मिळालेली विदेशी रक्कम दुसऱ्या संस्थेस देण्यास मनाई झाली. म्हणजे उद्या बेटावरच्या मच्छीमारांनी आपली संघटना करून वह्या आपल्याच हाती घेतल्या, तरी बंगळूरच्या संस्थेस विदेशी पैसा त्यांच्या हवाली करता येणार नाही. तेवढ्यासाठी देशातच निधी जमवला पाहिजे, आणि त्याकरिता घरोघरी हिंडण्याचे काम विश्वस्तांचे.

मंडळावर एक मच्छीमार घ्यावा, अशी सूचना अशा वेळी हमखास येते. ती चांगली आहे, पण एकटी अपुरी आहे. इंग्रजीत चालणाऱ्या बैठकीत, आपल्या बेटापासून शेकडो मैल दूर, तो एकटा काय बोलणार? त्याची खुर्ची शोभेची होण्याचा धोका फार. त्यापेक्षा विश्वस्तांनीच जावे. बहुतेक बेटांवर जेसरी बोलतात, मिनिकॉयला महल; दुभाष्या लागेल, वेळ लागेल, बोट चुकेल. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, होड्या ओढून ठेवलेल्या असतात आणि वह्या मिटलेल्या. पाऊस ओसरून नव्या हंगामाच्या वह्या वाटावयाची वेळ येते, तेव्हा गेल्या हंगामाचे आकडे बेटावरच्या अंगणात वाचून दाखवावेत, आणि कोणी “हे चुकीचे आहे” म्हणाला, तर त्याच्या समोरच ते खोडून दुरुस्त करावेत.