बाळाच्या कपड्यावरचं हिरवं पान नेमकी कशाची हमी देतं?

बाळाच्या कपड्यांची एक जाहिरात इन्स्टाग्रामवर उघडून पाहिली की पुढचे कित्येक दिवस तशाच जाहिराती पाठ सोडत नाहीत. फिकट रंगाची झबली, कोपऱ्यात हिरवं पान आणि खाली ओळ: 'शंभर टक्के ऑरगॅनिक, प्रेमाने बनवलेलं'. किंमत साध्या झबल्याच्या तिप्पट. लेकरासाठी जास्तीचे पैसे द्यायला कुणाची ना नसते. पण ते पान हमी कशाची देतं? बाळाच्या त्वचेची, कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्याची, की मशीनवर बसून कपडा शिवणाऱ्या बाईची? या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि एका लेबलात तिन्ही क्वचितच मावतात.

लेबल वाचायचं कसं?

लहान मुलांच्या कपड्यांवर सर्वाधिक दिसणारं नाव म्हणजे 'ओको-टेक्स स्टँडर्ड १००'. यात कापड, धागा, बटणं, छपाई या सगळ्यांत घातक रसायनं आहेत का, हे तपासतात. तीन वर्षांपर्यंतच्या मुलांच्या कपड्यांसाठी सर्वांत कडक निकष लावले जातात. त्वचेच्या दृष्टीने ही चाचणी उपयोगाची आहे. पण कापूस सेंद्रिय आहे का, शिवणाऱ्याला पगार किती मिळतो, याबद्दल हे लेबल काहीच सांगत नाही. तरीही अनेक ब्रँड ते 'पर्यावरणपूरक' या शब्दाशेजारी चिकटवतात आणि आपण दोन्हींचा अर्थ एकच धरतो.

दुसरं नाव 'गॉट्स', म्हणजे ग्लोबल ऑरगॅनिक टेक्स्टाइल स्टँडर्ड. याचा आवाका मोठा आहे. कपड्यात किमान ७० टक्के सेंद्रिय धागा हवा आणि नुसतं 'ऑरगॅनिक' म्हणायचं तर ९५ टक्के. शिवाय रंगाईचं सांडपाणी, बालमजुरी आणि सक्तीच्या कामावर बंदी, संघटना करण्याचा हक्क असे निकषही त्यात येतात. खऱ्या लेबलावर प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचं नाव आणि परवाना क्रमांक असतो. तो क्रमांक गॉट्सच्या वेबसाइटवर टाकून पाहता येतो. नुसतं 'ऑरगॅनिक कॉटन' छापलेलं असेल आणि क्रमांक नसेल, तर तो फक्त ब्रँडचा शब्द समजायचा.

क्रमांक असला तरी डोळे झाकून विश्वास ठेवावा असंही नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये गॉट्सनेच जाहीर केलं, की भारतात कच्च्या कापसाची खोटी प्रमाणपत्रं तयार करून सुमारे २० हजार टन कापूस सेंद्रिय म्हणून खपवला गेला. त्यासाठी सरकारी वेबसाइटची हुबेहूब नक्कलही उभारली होती. ११ कंपन्यांवर बंदी आली. घोटाळा उघड करणारी संस्थाच लेबलची मालक होती, हे तिच्या बाजूने सांगायला हवं.

कापसाचा प्रश्न महाराष्ट्राला परका नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. सेंद्रिय कापसाचा मुद्दा बाळाच्या मऊ त्वचेपेक्षा त्या पाठीवरच्या पंपाशी जास्त जोडलेला आहे, असं मला वाटतं. जाहिरातीत मात्र तो पंप कधी दिसत नाही.

शिवणाऱ्यांचं काय?

२४ एप्रिल २०१३. बांगलादेशात ढाक्याजवळ सावर इथली राणा प्लाझा ही इमारत कोसळली. आदल्या दिवशी भिंतींना भेगा दिसल्या होत्या. खालच्या मजल्यावरची बँक आणि दुकानं बंद ठेवली गेली, पण वरच्या कपडे कारखान्यांतल्या कामगारांना परत बोलावलं गेलं. १,१३४ जण मेले. तिथल्या एका कारखान्यातून माल घेणाऱ्यांत 'द चिल्ड्रन्स प्लेस' ही फक्त मुलांचे कपडे विकणारी अमेरिकी कंपनीही होती. दुर्घटनेच्या वेळी तिथे आपलं काम सुरू नव्हतं, असं तिचं म्हणणं होतं. भरपाई निधीत तिने आधी साडेचार लाख डॉलर दिले आणि आंदोलनं झाल्यावर २०१५ मध्ये आणखी २० लाख.

इथे 'आमच्या कारखान्यांचं ऑडिट होतं' हे वाक्य आठवायला हवं, कारण प्रत्येक ब्रँड ते सांगतो. सप्टेंबर २०१२ मध्ये कराचीतल्या अली एंटरप्रायझेस या कारखान्याला आग लागून अडीचशेहून अधिक कामगार गेले. त्याच्या काही आठवडे आधीच त्या कारखान्याला कामगार-सुरक्षेचं 'एसए ८०००' हे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं होतं. तपासनीस येतो, कागद पाहतो, जातो. त्याची फी बहुतेक वेळा कारखाना किंवा ब्रँडच भरतो. मग तो नाराज कुणाला करणार?

राणा प्लाझानंतर आलेला 'अकॉर्ड' हा करार म्हणूनच वेगळा. त्यावर ब्रँड आणि कामगार संघटना दोघांच्या सह्या असतात आणि तो कायद्याने बंधनकारक आहे. तपासणीचे अहवाल खुले असतात. सही करणाऱ्या ब्रँडची यादीही जाहीर आहे. बांगलादेशी बनावटीचे कपडे घेत असाल तर ती यादी दोन मिनिटांत पाहून होते.

आपल्याकडे मुलांचे होजिअरी कपडे म्हटलं की तमिळनाडूतलं तिरुप्पूर. तिथल्या रंगाई कारखान्यांनी नोय्यल नदी इतकी नासवली, की जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ते बंद करण्याचा आदेश दिला. सांडपाण्याचा थेंबही बाहेर सोडायचा नाही, ही अट आज तिथे आहे. त्याच भागातल्या सूतगिरण्यांत 'सुमंगली' नावाची पद्धत चालायची. गरीब घरच्या मुलींना तीन-तीन वर्षं वसतिगृहात ठेवून राबवायचं आणि शेवटी लग्नासाठी म्हणून एकरकमी पैसे द्यायचे. मध्येच सोडलं तर त्या रकमेवर पाणी. नेदरलँड्समधल्या संस्थांनी २०११ मध्ये यावर अहवाल काढला, तेव्हा युरोपातल्या ब्रँडना जाग आली. गोम अशी, की ब्रँडच्या यादीत बहुधा शिवणाचा कारखाना असतो. सूत कुठे कातलं, हा प्रश्न त्याच्याही दोन पायऱ्या मागचा.

मग विचारायचं काय?

मोठ्या ब्रँडने कारखान्यांची यादी जाहीर केली आहे का, हे आधी पाहा. 'ओपन सप्लाय हब' या मोफत नकाशावर ब्रँडचं नाव टाकलं की अशा यादीतले कारखाने दिसतात. यादीत सूतगिरण्या आणि रंगाईसुद्धा असेल, तर त्या ब्रँडला एक गुण जास्त. मजुरीबद्दल 'किमान वेतन देतो' हे उत्तर पुरेसं नाही, ते तर कायद्यानेच द्यावं लागतं. घर चालेल इतकं वेतन किती कामगारांना मिळतं, हा खरा प्रश्न. त्याचा आकडा देणारे ब्रँड विरळाच.

छोट्या ब्रँडला मात्र हीच फूटपट्टी लावू नये. चार शिलाई मशिनं चालवणाऱ्या बाईंना प्रमाणपत्राचा खर्च झेपत नाही. मी भाचीसाठी कपडे घेताना अशाच एका छोट्या पेजला मेसेज करून विचारलं, कपडे शिवतं कोण? त्यांनी गावाचं नाव, किती जणी काम करतात आणि एका फ्रॉकमागे किती मिळतात, हे सगळं लगेच कळवलं. एका बड्या ब्रँडकडून आलं ते हृदयाचं चिन्ह आणि सवलतीचा कोड.

'इको-फ्रेंडली', 'सस्टेनेबल' असे मोघम शब्द वापरायला आता भारतातही मोकळं रान नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ऑक्टोबर २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार अशा दाव्याला पुरावा द्यावा लागतो. संशय आला तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. नेदरलँड्समध्ये २०२२ साली ग्राहक नियामकाने हटकल्यावर एचअँडएमने 'कॉन्शस' आणि डेकॅथलॉनने 'इकोडिझाइन' असे मोघम दावे बदलण्याचं किंवा काढण्याचं मान्य केलं होतं.

आणि एक हिशेब. पहिल्या वर्षात बाळाला एक माप जेमतेम तीन महिने पुरतं. म्हणजे सेंद्रिय कपडा एकाच बाळाने वीस वेळा घालून कपाटात गेला, तर त्यामागचं पाणी आणि मजुरी वीस वेळांतच संपली. आपल्याकडे आजीच्या जुन्या सुती लुगड्याची झबली-दुपटी शिवायची पद्धत होती, कारण धुऊन धुऊन ते कापड मऊ झालेलं असायचं. बारशाच्या आहेरात तेच माप पाच जणांकडून येणार असेल, तर एकाला आधीच सांगा: वर्षभरानंतरचं आणा.