तेर : मंदिर, मडके आणि पुरावा

लातूरच्या पश्चिमेस, तेरणा नदीच्या काठी धाराशिव जिल्ह्यातील तेर हे गाव वसले आहे. प्राचीन तगर नगर ते हेच, असे फ्लीट यांनी १९०१ साली प्रतिपादन केले. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर असल्याचा उल्लेख असून, तेथील साधे कापड व मलमल गाड्यांतून भडोच बंदराकडे जात असे, अशी नोंद आहे.

तेरचे विटांचे त्रिविक्रम मंदिर गजपृष्ठाकार आहे. ही वास्तू मूळची बौद्ध चैत्यगृह होती, असे अनेक अभ्यासक मानतात. आपल्यापैकी अनेक जण हे मत निर्विवाद म्हणून सांगतात. परंतु केवळ आकार हा निर्णायक पुरावा नव्हे. ऐहोळेचे दुर्ग मंदिर गजपृष्ठाकार असूनही प्रारंभापासून ब्राह्मणी परंपरेचेच आहे. तेरच्या बौद्ध वारशाचा अधिक भक्कम आधार जमिनीखाली आहे. १९६०च्या दशकातील उत्खननात तेथे विटांच्या स्तूपाचे अवशेष मिळाले.

दुसरा आधार कारागिरांच्या हातचा आहे. पुढची व मागची बाजू दोन वेगळ्या साच्यांत घडवून, ती जोडून केलेल्या पांढऱ्या मातीच्या पोकळ मूर्ती, शंखाच्या बांगड्या, मणी आणि हस्तिदंती स्त्रीमूर्ती येथे सापडल्या. या स्त्रीमूर्तीशी साम्य असलेली भारतीय हस्तिदंती मूर्ती १९३८ साली इटलीतील पाँपेई येथे मिळाली. ते नगर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले होते. यावरून त्या काळी भारतीय कारागिरी किती दूरवर पोहोचली होती, हे ध्यानी येते. तेरचे रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमविलेल्या अशा वस्तू गावातील शासकीय संग्रहालयात पाहता येतात.

कुंभाराचा मान पाली साहित्यातही आहे. मज्झिमनिकायातील घटिकार हा कुंभार अंध, वृद्ध माता-पित्यांचा सांभाळ करी. तो स्वतः जमीन खणत नसे. नदीकाठची ढासळलेली किंवा उंदरांनी उकरलेली माती आणून भांडी घडवी. ज्याला भांडे हवे असेल त्याने तांदूळ, मूग वा हरभरे ठेवून ते न्यावे, असा त्याचा व्यवहार होता.

तेर हे संत गोरोबा कुंभारांचेही गाव. त्यांनी संतांच्या डोक्यावर थापटणे मारून कोणते मडके भाजलेले व कोणते कच्चे ते पारखले, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका हा इतिहास नव्हे. परंतु तिच्यातील पारख अभ्यासकाने अवश्य घ्यावी. मंदिराविषयीचा आपला दावा अजून कच्चा असेल, तर तसे सांगण्यात कमीपणा नाही. स्तूपाचे अवशेष मात्र पक्के आहेत. ते जपणे आणि आपल्या मुलांना नेऊन दाखविणे हे आपले काम होय.