आशियाचें दर्शन : जलमार्गें कीं खुष्कीनें?

आग्नेय आशिया पाहूं इच्छिणाऱ्या प्रवाशाला जलपर्यटनाचा मोह सहज पडतो. एकदां सामान खोलींत लावलें कीं देशच जणूं दारीं येतात. वृद्धांना हें सुख थोडें नव्हे. परंतु बोट दाखविते तें बंदर! बँकॉककरितां मोठ्या बोटी बहुधा लाएम छाबांग येथें लागतात. तेथून शहर १०० किलोमीटरांहून दूर. जाण्यायेण्यांतच बराचसा दिवस सरतो. अंकोर वाट तर समुद्रापासून फारच आंत. १२ व्या शतकांतील त्या विष्णुमंदिराच्या भिंतीवर कोरलेलें समुद्रमंथन निवांतपणें पाहावयाचें, तर सिएम रीप येथें दोन-तीन दिवस मुक्काम हवा. तेथें खुष्कीचा प्रवासच श्रेयस्कर. उलट, व्हिएतनाममधील हालाँग उपसागरांतलीं सुमारें १६०० बेटें पाण्यावरूनच पाहावीं. मात्र त्यासाठीं महासागरी बोट कशाला? हनोईहून मोटारीनें जावें आणि एक रात्र लहान नौकेंत काढावी.